स्वतःचे सोशल नेटवर्क : किल्ली कोणाकडे?

अलीकडे आपल्या कोणत्याही मंडळीच्या सभेला जावे, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाचा विषय संपला की तरुण सभासदांपैकी कोणीतरी उठून एक सूचना हमखास मांडतो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे स्वतःचे एक सोशल नेटवर्क असावे, तेथे आपल्या बातम्या, छायाचित्रे, गाणी आणि वंशावळी एकत्र राहाव्यात, आणि पॅरिस, लंडन, मेलबर्नला गेलेली आपली मुले-नातवंडे त्यात सामील व्हावीत, अशी ती सूचना असते. सूचना उत्तम असते. टाळ्या पडतात. लगेच पुढचा प्रश्न येतो, 'सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?' आणि तेथून सभा जी भरकटते ती चहा येईपर्यंत. एक जण एक नाव सांगतो, दुसरा दुसरे. फुकटचे कोणते आणि विकतचे कोणते यावर वाद होतो. शेवटी 'पुढच्या सभेत पाहू' असे ठरते.

माझ्या मते सॉफ्टवेअरचा प्रश्न योग्य आहे, पण तो पहिला नव्हे. त्याच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. आपल्याला तेथे नेमके काय ठेवायचे आहे? आणि त्या घराची किल्ली कोणाच्या हाती राहणार आहे? ही दोन उत्तरे मिळाली की सॉफ्टवेअरची निवड जवळजवळ आपोआप होते.

आज आपण काय वापरतो ते आधी पाहू. व्हॉट्सॲप आणि फेसबुक. या दोहोंना नावे ठेवण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे; मी तिच्यात सामील होणार नाही. कास्कावेलच्या एखाद्या घरात कोणी वारले तर तासाभरात ती बातमी वाकवा, कात्र बोर्न ओलांडून फ्रान्समधल्या भाच्यापर्यंत पोहोचते. पूर्वी तारेलाही इतके जमत नसे. तातडीच्या निरोपासाठी व्हॉट्सॲपइतके सोपे साधन दुसरे नाही, आणि आपले नवे नेटवर्क उभे राहिले तरी तो निरोप व्हॉट्सॲपवरच जाईल. जाऊ द्यावा.

पण निरोप वेगळा आणि आठवण वेगळी. तीन वर्षांपूर्वी कोणा आजीने म्हटलेल्या झाकरीचे ध्वनिमुद्रण आपल्या गटात आले होते, ते आज शोधून पाहा. सुप्रभातच्या फुलांखाली, वाढदिवसाच्या केकांखाली, पुढे ढकललेल्या औषधी सल्ल्यांखाली ते कोठेतरी गाडले गेलेले असते. ज्याने पाठवले त्याचा मोबाईल बदललेला असतो, आणि जागा कमी पडली म्हणून दुसऱ्या दहा जणांनी ते पुसून टाकलेले असते. एका गटात १,०२४ माणसे मावतात ही सोय मोठी खरी, पण हजार माणसे एकाच खोलीत बोलू लागली म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही.

आता किल्लीची गोष्ट. व्हॉट्सॲप फेसबुकने २०१४ साली सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतले. २०२१ साली कंपनीने वापराच्या नव्या अटी पुढे केल्या तेव्हा जगभर गडबड उडाली. पण अटी मान्य करणे किंवा निघून जाणे याखेरीज वापरणाऱ्याच्या हाती काय होते? त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. तेव्हा आपल्या लक्षात आले की कितीतरी नातेवाइकांचा साधा ईमेलचा पत्ताही आपल्याजवळ नाही.

आणि आपल्याच बेटावरची गोष्ट तर कोणी विसरलेला नसेल. २०२४ च्या निवडणुकीपूर्वी, दूरध्वनीवरील संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्यानंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस सोशल मीडिया ११ तारखेपर्यंत बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. ओरड झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला गेला. त्याआधी २०२१ च्या एप्रिलमध्ये दूरसंचार प्राधिकरणाने सोशल मीडियावरील मजकूर वाटेत उघडून तपासता यावा अशा योजनेचा मसुदा चर्चेसाठी ठेवला होता, त्यालाही देशात आणि परदेशांत मोठा विरोध झाला. राजकारणाचा विषय येथे काढायचा नाही. सांगायचे इतकेच की आपली आठवणींची पेटी दुसऱ्याच्या घरात असली, तर त्या घराच्या दाराशी जे काही होईल त्यात तीही सापडते. स्वतःचे नेटवर्क म्हणजे सरकारी हुकमापासून संरक्षण, असे मात्र कोणी समजू नये. हुकूम निघाला तर छोट्या सर्व्हरलाही तो पाळावाच लागेल. फरक एवढाच की तेव्हा आपली छायाचित्रे आणि गाणी आपल्याच कपाटात असतील.

परक्या घराचा आणखी एक धोका आहे, आणि तो अधिक मोठा आहे. घरमालक धंदा बंद करतो. इंटरनेटच्या आजवरच्या इतिहासात अशी किती घरे पडली ते पाहा. जिओसिटीज २००९ साली बंद झाले. भारतातील लाखो तरुणांचे आवडते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी मायस्पेसने जाहीर केले की २०१६ पूर्वी लोकांनी तेथे ठेवलेली गाणी नष्ट झाली आहेत. याहू ग्रुप्समधील साठवण २०१९ च्या डिसेंबरात पुसली गेली आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच मिटली. यांपैकी एकही कंपनी चिंधीचोर नव्हती. सगळ्या नावाजलेल्या होत्या.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे उदाहरण 'निंग' या सेवेचे आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या या सेवेची कल्पना अगदी हीच होती : तुमचे स्वतःचे सोशल नेटवर्क बांधा, आम्ही जागा देतो, फुकट. शिक्षक, पालक, गावकरी, छांदिष्ट अशा असंख्य लोकांनी तेथे आपापली नेटवर्के बांधली. २०१० साली कंपनीने फुकटची सोय काढून घेतली. ज्यांनी पैसे भरले त्यांचे राहिले. बाकीच्यांना सामान आवरावे लागले, आणि पुष्कळांचे सामान आवरण्याजोगे नव्हतेच, कारण ते बाहेर काढून दुसरीकडे लावण्याची सोपी रीत नव्हती. निंगच्या दोन संस्थापकांपैकी एक जीना बियांकिनी. त्यांनी पुढे 'मायटी नेटवर्क्स' नावाची अशीच सेवा काढली, ती महिन्याचे डॉलर घेऊन चालते. सेवा वाईट आहे असे मी म्हणत नाही. धंदेवाल्या गटांना ती सोयीची असेल. पण आपल्यासारख्या समाजाने तेथे जाणे म्हणजे भाड्याच्या घरात देवघर बांधण्यासारखे आहे.

मग आपले घर म्हणजे काय? जुन्या पिढीला बैठका आठवत असेल. संध्याकाळी तेथे मुले अक्षरे गिरवीत, सणावाराला भजने होत, दोन भावांचे भांडणही तेथेच मिटे. छप्पर गळू लागले तर गावच ते शाकारी. संगणकाच्या जगात असे घर बांधता येते, आणि त्याचे सामान फुकट मिळते. ज्याला 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणतात ते हेच. त्याची रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, आणि तो हक्क परवान्यानेच दिलेला असल्यामुळे बनवणाऱ्याला तो नंतर काढून घेता येत नाही. सर्व्हर म्हणजे तरी काय, रात्रंदिवस चालू असणारा आणि इंटरनेटला जोडलेला एक संगणक. तो आपल्या घरी ठेवण्याची गरज नाही. त्याची जागा भाड्याने मिळते. जागा भाड्याची असली तरी सामान आपले असते. मालकाशी पटले नाही तर सामान उचलून दुसऱ्या जागेत जाता येते.

अशा मुक्त सॉफ्टवेअरपैकी चार-पाच नावे आपल्या सभांमध्ये फिरत असतात. त्यांत तरुणांच्या तोंडी सर्वांत अधिक नाव 'मास्टोडॉन'चे. ऑयगेन रॉख्को या जर्मनीतील तरुणाने ते २०१६ साली बाहेर आणले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटर विकले गेले तेव्हा लाखो लोक तिकडे वळले. कल्पना सुंदर आहे. प्रत्येक गावाचा स्वतःचा सर्व्हर, आणि सर्व गावे एकमेकांशी बोलू शकतात. पण मला ते आपल्या कामासाठी योग्य वाटत नाही. त्याची बांधणी चव्हाट्यावर बोलण्यासाठी आहे. एका संदेशात मुळात ५०० अक्षरांची मर्यादा, कास्कावेलच्या मंडळीची वेगळी खोली आणि वाकवाच्या मंडळीची वेगळी अशी सोय नाही, आणि एकदा मजकूर दुसऱ्या सर्व्हरांवर गेला की तो पुसण्याची आपण फक्त विनंती करू शकतो. शिवाय इतर सर्व्हरांवरील चित्रांच्या प्रती आपल्या सर्व्हरवर साठत जातात आणि जागा खातात. ज्याला जगाशी बोलायचे आहे त्याने जरूर मास्टोडॉन घ्यावे. आपल्याला आधी आपसांत बोलायचे आहे.

'मॅट्रिक्स' हे दुसरे नाव. त्यावर फ्रान्सच्या सरकारने आपल्या अधिकाऱ्यांसाठी 'चाप' नावाची निरोपसेवा २०१९ साली सुरू केली, इतके ते भरवशाचे आहे. मात्र ते निरोपांचे साधन आहे. व्हॉट्सॲपच्या जागी ते बसू शकेल. आठवणींच्या पेटीच्या जागी नाही. 'एल्ग' २००४ पासून आहे, शाळा-कॉलेजांतून वापरले गेले, पण ते नीट बसवायला बऱ्यापैकी जाणकार माणूस लागतो.

राहिली दोन नावे, आणि माझे मत या दोहोंपैकी एकाच्या बाजूचे आहे. 'बडीप्रेस' म्हणजे वर्डप्रेसला जोडण्याचा भाग. जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी चार वर्डप्रेसवर चालतात, तेव्हा ते जाणणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या प्रत्येक गावात सापडेल, ही मोठी जमेची बाजू. वर्डप्रेसचा मराठी अनुवादही आहे. उणी बाजू अशी की वर्डप्रेसला दहा ठिकाणांहून दहा जोडभाग आणून लावण्याचा मोह होतो, प्रत्येक भाग वेगळ्या माणसाने केलेला, आणि त्यांतील एक जरी वेळेवर अद्ययावत केला नाही तर चोराला खिडकी उघडी मिळते. दुसरे 'हमहब'. जर्मनीतील एका छोट्या कंपनीचे, मुळातच बंदिस्त समाजासाठी बांधलेले. त्यात 'स्पेस' नावाच्या खोल्या असतात. एखादी खोली सर्वांना उघडी, एखादी फक्त तिच्या सभासदांना दिसणारी. दिनदर्शिका, छायाचित्रांचे दालन, सर्वांनी मिळून लिहायची पाने हे भाग फुकट जोडता येतात. काही भाग विकतचे आहेत, त्यांच्यावाचून आपले अडणार नाही. फ्रेंच भाषेत ते पूर्ण वापरता येते. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते, आणि एक माहितीकोश व एक फायलींचा कप्पा एवढे उचलले की सारा संसार उचलला गेला.

मला विचाराल तर पहिल्या खेपेस हमहब. गावोगावच्या मंडळ्या हे आपल्या समाजाचे स्वाभाविक रूप आहे, आणि खोल्यांची ही रचना त्या रूपाला जशीच्या तशी बसते. प्रत्येक मंडळीची एक खोली, झाकरीची एक, पाककृतींची एक, वंशावळी शोधणाऱ्यांची एक. ज्या मंडळीत वर्डप्रेस जाणणारा माणूस आधीच आहे आणि हमहब जाणणारा कोणीच नाही, तिने बिनदिक्कत बडीप्रेस घ्यावे. सॉफ्टवेअर उत्कृष्ट आणि सांभाळणारा कोणी नाही, यापेक्षा सॉफ्टवेअर मध्यम आणि सांभाळणारा जागा आहे, हे केव्हाही बरे.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सॉफ्टवेअरच्या चर्चेत याचा उल्लेख कोणी करीत नाही. आपण घरी क्रेओल बोलतो, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतो, कचेरीत इंग्रजी लिहितो, आणि मराठी शाळेत शिकतो, देवळात ऐकतो. नव्या नेटवर्कवर 'फक्त मराठीतच लिहावे' असा नियम करण्याची हौस काही ज्येष्ठांना होईल. तो नियम झाला तर पहिल्या महिन्यात दहा ज्येष्ठ लिहितील आणि दुसऱ्या महिन्यात तेही थांबतील. ज्याला जी भाषा येते तीत त्याने लिहावे. मात्र जे जपून ठेवायचे आहे, म्हणजे गाणे, म्हण, विधी, माणसांची नावे, ते देवनागरीत असावे आणि ते युनिकोडमध्येच टंकलेले असावे. पूर्वी मराठी टंकण्यासाठी जे निरनिराळे फाँट वापरीत, त्यांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. कित्येक स्मरणिकांचा मजकूर अशा स्थितीत डिस्कवर पडून आहे. तो वाचणारा फाँट आज मिळेल. उद्या मिळेलच असे नाही.

शोधण्याचाही प्रश्न आहे. 'झाकरी' हा शब्द आपल्यातील एक जण रोमन लिपीत झेड काढून लिहितो, दुसरा जे-एच काढून, आणि फ्रेंच शाळेत शिकलेली नात तिसऱ्याच पद्धतीने. संगणक बिचारा अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवीत नाही. म्हणून प्रत्येक ध्वनिफितीच्या आणि चित्राच्या खाली देवनागरी नाव, रोमन नाव, गाव आणि वर्ष अशी चार शब्दांची ओळ लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ही ओळ नसेल तर उत्तमोत्तम सॉफ्टवेअरमध्येही ते गाणे हरवले म्हणून समजावे.

येथे किल्लीकडे परत यावे लागते. सॉफ्टवेअर फुकट मिळते. राखण फुकट होत नाही. छोट्या सर्व्हरचे भाडे महिन्याला ५ ते १० डॉलर, म्हणजे आपल्या २५० ते ५०० रुपयांच्या घरात. पत्त्याचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, त्यासाठी वर्षाला आणखी थोडे. कोणत्याही मंडळीला न झेपणारा हा खर्च नाही. झेपत नाही ते दुसरेच. आपल्याकडे नेहमी काय होते ते सर्वांना माहीत आहे. एक हुशार तरुण उत्साहाने सर्व उभारतो. डोमेन त्याच्या नावावर, भाडे त्याच्या कार्डावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. दोन वर्षांनी त्याला कॅनडात नोकरी लागते, किंवा त्याचे लग्न होते, किंवा समितीशी त्याचे बिनसते. कार्डाची मुदत संपते आणि एके सकाळी सारे गायब. त्या तरुणाला दोष देऊ नये. एकाच्या खांद्यावर सर्व ठेवून टाळ्या वाजवणाऱ्या समितीचा तो दोष आहे.

म्हणून डोमेन मंडळीच्या नावावर आणि मंडळीच्या ईमेलवर नोंदवलेले असावे, भाडे खजिनदाराने भरावे, आणि मुख्य पासवर्ड दोघांजणांकडे असावा. हे दोघे एकाच घरातील नसावेत, आणि शक्य तर एकाच गटातील नसावेत. आपल्या मंडळ्यांत गट नाहीत असे ज्याला वाटत असेल त्याने वार्षिक निवडणुकीला हजर राहावे. एका गटाकडे किल्ली गेली आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमाची छायाचित्रे पुसली जाऊ लागली, तर असे नेटवर्क नसलेले परवडेल.

प्रती ठेवण्याचा नियम संगणकवाले तीन आकड्यांत सांगतात : एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील १ दुसऱ्या ठिकाणी. आपल्यासाठी दुसरे ठिकाण म्हणजे दुसरे गाव नव्हे, दुसरा देश. १९६० साली कॅरोल वादळाने आपल्या वाडवडिलांच्या घरांचे काय केले ते अजून सांगणारी माणसे आहेत, आणि २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या. सर्व्हर युरोपात असेल तर एक प्रत येथे बेटावर असावी. सर्व्हर येथे असेल तर एक प्रत तिकडे एखाद्या भाच्याजवळ. रेयुन्यों जवळ आहे खरे, पण वादळाला आपल्यातले आणि त्यांच्यातले अंतर फार वाटत नाही.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. आपल्या देशात माहिती संरक्षणाचा २०१७ चा कायदा जानेवारी २०१८ पासून लागू आहे. लोकांची वैयक्तिक माहिती साठवणाऱ्या संस्थेने माहिती संरक्षण आयुक्तांच्या कचेरीत नोंदणी केली पाहिजे. माहिती चोरीला गेली तर ७२ तासांच्या आत कळवले पाहिजे. १६ वर्षांखालील मुलाची माहिती ठेवायची तर पालकांची संमती घेतली पाहिजे. यातील प्रत्येक गोष्ट योग्य आहे. ओळखपत्राच्या प्रती तर मुळीच घेऊ नयेत. जे ठेवलेच नाही ते चोरीला जात नाही.

कायद्यापलीकडची एक नाजूक गोष्ट आहे. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन पूर्वजांच्या नोंदी काढून आणतात. नाव, वडिलांचे नाव, गाव, जहाज, क्रमांक. आजोबांचे किंवा पणजोबांचे छायाचित्र मिळाले तर घरातील सगळे जण रडतात. हे सारे नव्या नेटवर्कवर यावे अशी माझी फार इच्छा आहे, कारण रत्नागिरीच्या एकाच गावातून आलेली दोन कुटुंबे दीडशे वर्षे शेजारी राहून एकमेकांना अनोळखी असतात, आणि अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की ते कळते. पण त्या जुन्या कागदांत जातीचा रकाना आहे. लिहून घेणाऱ्या कारकुनाने काय ऐकले आणि काय लिहिले कोण जाणे. तो रकाना उघड्यावर आला तर लग्नाच्या बोलण्यांत तो वापरला जाईल, हे आपल्या समाजाला ओळखणारा कोणीही सांगेल. तेव्हा वंशावळीची खोली बंद असावी, आणि कोणत्या कुटुंबाने काय दाखवायचे ते त्या कुटुंबानेच ठरवावे. सॉफ्टवेअर निवडताना हे विचारून घ्या : प्रत्येक नोंद कोणाला दिसावी हे वेगवेगळे ठरवता येते का? येत नसेल तर ते सॉफ्टवेअर आपल्या उपयोगाचे नाही, मग ते दिसायला कितीही छान असो.

सुरुवात लहान करावी. डेरियस काझेमी नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या मित्रांपुरते असे नेटवर्क चालवून २०१९ साली त्यावर एक मार्गदर्शिका लिहिली. त्यांचा सल्ला असा की माणसे ५० ते १०० च असावीत. एवढी माणसे एकमेकांना ओळखतात, आणि भांडण झाले तर फोन करून मिटवता येते. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी साऱ्या बेटाचे, साऱ्या मराठी जगाचे नेटवर्क करण्याची भाषा होते, मंत्र्यांना उद्घाटनाला बोलावले जाते, आणि सहा महिन्यांनी तेथे उद्घाटनाची छायाचित्रे तेवढी राहतात. एकाच मंडळीने एका वर्षापुरते करून पाहावे. गणपतीच्या आधी उघडावे, पुढच्या गणपतीपर्यंत चालवावे. चालले तर शेजारच्या मंडळीला एक खोली द्यावी.

आणि एकही छायाचित्र टाकण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. ज्याने सॉफ्टवेअर बसवले असेल त्याला सांगावे : दहा खोटे सभासद आणि दहा चित्रे टाक, आता हे सगळे येथून काढून दुसऱ्या एका संगणकावर पुन्हा उभे करून दाखव. आम्ही बसून पाहतो. त्याला ते एका संध्याकाळी जमले तर पैसे भरावेत. 'त्याची काय गरज, नंतर पाहू' असे उत्तर आले तर दुसरे सॉफ्टवेअर शोधावे, किंवा दुसरा माणूस.

दरम्यान एक काम असे आहे की ज्याला कोणत्याच सॉफ्टवेअरची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर झाकरीच्या, गोंधळाच्या, लग्नातील गाण्यांच्या जुन्या कॅसेटी पडलेल्या आहेत. आपल्या दमट हवेत त्या फितींना बुरशी लागते, आणि वाजवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. ज्यांच्याकडे अशी कॅसेट आणि चालू यंत्र दोन्ही असतील त्यांनी या शनिवारीच ती संगणकावर उतरवून घ्यावी. गाणारी कोण, गाव कोणते, साल कोणते, हे घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारून तिच्याबरोबर लिहून ठेवावे. ते सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.